तोंड फिरव, मग मिळेल

शेवंती आमच्याकडे आली तेव्हा तिला दोन गोष्टी पक्क्या येत होत्या. माणसाचे खिसे तपासायचे, आणि बेंजो वाजला की पुढचे पाय आलटून पालटून छातीपर्यंत उचलायचे. दोन्ही माणसांनीच शिकवलेल्या. पहिली लाडाने, दुसरी माराने. आता तिचं आमच्याकडचं पाचवं वर्ष चालू आहे. एवढ्या काळात तिला काय काय शिकवलं आणि ते शिकवताना मला काय कळलं, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. किनाऱ्यावर घोडे फिरवणारी पोरं अधूनमधून विचारतात, "ताई, तुमची घोडी एवढी शांत कशी?" हे त्यांच्यासाठीही आहे.

आधी घरचं सांगते. आम्ही नागावचे. नारळ-सुपारीची वाडी, समुद्र दहा मिनिटांवर. माझे काका अलिबागला टांगा चालवायचे. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात माणसं नेऊन सोडायची आणि भरतीच्या आत परत आणायची, हा त्यांचा धंदा. लहानपणी मी कितीदा तरी त्या टांग्यात मागे बसून गेलेय. चाकं पाण्यात, खाली खडक, आणि घोडा आपला आपण पाय टाकत चाललेला. अशा वेळी काका लगाम सैल सोडायचे. म्हणायचे, "त्याला त्याचं बघू दे गो." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. पायापुढची जमीन नीट पाहायची तर त्याला मान खाली घालावी लागते. लगाम ताणून धरला की आपण त्याचे डोळेच बांधल्यासारखं होतं.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने गोठ्याचे पत्रे नेले आणि वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या. काकांचा शेवटचा घोडा त्याआधीच म्हातारा होऊन गेला होता. त्या वर्षी लग्नं थंडावली, वराती बंद पडल्या. घाटावर एकाने वरातीची घोडी विकायला काढली होती, चंदीचा, म्हणजे घोडीच्या खुराकाचा, खर्च झेपत नव्हता म्हणून. दिवाळीनंतर काका तिकडे जाऊन आले, दात पाहिले, केसांचे भोवरे पाहिले आणि तिला घेऊन आले. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे. म्हणजे पंचकल्याणी. अशी घोडी शुभ म्हणून वरातीला हमखास मागतात.

टेम्पोतून उतरवली तेव्हा मी आधी तिचं तोंड पाहिलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने वळ होते, पांढरे, घट्ट झालेले. काटेरी कडीचे. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये जी मोकळी हिरडी असते तिथे लगामाची कडी बसते, आणि ती जागा आपल्या हिरडीइतकीच नाजूक असते. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले त्यांत काटेरी कडीला मनाई आहे. ती तरीही सर्रास वापरली जाते. दुसरी खूण मागच्या डाव्या पायाला होती. खुराच्या वर, जिथे पिछाडी (मागच्या पायाचा दोर) बांधतात, तिथे बोटभर रुंदीची केस नसलेली काकणासारखी पट्टी. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

खिसे तपासणं ऐकायला गोड वाटतं. आलेल्यांना तर फारच गोड वाटायचं. कुणी बिस्कीट द्यायचं, कुणी चणे, एकाने कांदाभजी पुढे केली. (आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं कितीही कौतुक असो, घोड्याला कांदा मुळीच देऊ नका. त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.) पण खिशातलं बिस्कीट कुठे संपतं आणि मांडी कुठे सुरू होते, हे घोड्याच्या दाताला कळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी तिच्यासाठी पदरात पेरू बांधून आल्या. शेवंतीने पदर धरला आणि पदराबरोबर दंडही. रक्त आलं नाही, पण चार बोटं लांबीचा डाग पंधरा दिवस काळानिळा होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. गोठ्याकडे यायच्या मात्र बंद झाल्या, ते मला जास्त लागलं.

काकांचा उपाय नाकाडावर चापट. मीही दोन-तीनदा मारली. तिचं हुंगणं थांबलं नाही. हुंगून झटक्यात मान वर फेकायला मात्र ती शिकली. पुढे पुढे मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, घालायला हात वर केला तरी डोकं उडवायची. चापटेतून तिला एवढंच कळलं होतं की वर आलेला हात मारतो.

मी १८ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. 'असं करू नकोस' म्हटलं की मूल गोंधळून बघत राहतं, कारण मग करायचं काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घोडीचंही तेच. 'खिसा हुंगू नकोस' हे तिला सांगायची सोयच नाही. तिला दुसरं काहीतरी करायला द्यायला हवं, असं काहीतरी की ते करताना खिसा हुंगताच येणार नाही. मी ठरवलं, तोंड बाजूला फिरवायचं. तोंड फिरव, मग मिळेल.

सामान फार नव्हतं. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळतो, पोटाखाली दाबला की टक् वाजतो. चौलच्या दत्ताच्या यात्रेतून आणलेला एक घरात पडून होता. जिभेने टकटक करून चाललं नसतं, कारण टांगेवाले त्याच आवाजाने घोडा हाकतात. गाजराचे पेराएवढे तुकडे केले. मध्ये गोठ्याचा बांबूचा अडसर, ती आत, मी बाहेर.

पहिल्या दिवशी नुसतं टक्, गाजर. टक्, गाजर. वीसेक वेळा. दुसऱ्या दिवशी गाजरं कमरेच्या पिशवीत टाकली आणि अडसरापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. तिने मान लांब केली, वरच्या ओठाने पिशवी चाचपली. मी हलले नाही. तिने हुंगलं, बांबू कुरतडला, पुढच्या खुराने जमीन उकरली, फुर्रर्र करून माझ्या ओढणीवर शिंतोडे उडवले. माझा अंगठा बेडकावर. पाच मिनिटं तरी असं चाललं असेल. मग मागे वाडीत झावळ पडली. शेवंतीचा डावा कान तिकडे वळला, कानामागून डोळा, आणि त्यामागून वीतभर नाक. टक्. ती चमकून माझ्याकडे वळली. मी गाजर दिलं, पण माझ्या पोटाशी धरून नाही. हात बाजूला लांब करून, जिथे तिचं नाक नुकतंच जाऊन आलं होतं तिथे. खाऊ कुठे देता याला फार महत्त्व आहे. अंगाजवळ दिलात तर घोडा अंगाजवळच येणार.

त्यानंतर कुठलीही झावळ पडली नाही, पण ती शोधात होती. मान वर करून पाहिली, खाली करून पाहिली. एकदा चुकून डावीकडे गेली, टक्. पुन्हा गेली, टक्. दहाव्या-बाराव्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग अगदी सावकाश, मुद्दाम, मान डावीकडे नेली आणि तिथेच ठेवली. दोन्ही कान मात्र माझ्याकडे. ती मला विचारत होती, 'हेच ना?' माझ्या घशाशी आलं. एवढ्या मारातून गेलेलं जनावर पुन्हा माणसाला काहीतरी विचारून पाहतं, हे पाहायला मिळणं मोठं आहे.

या सगळ्यात वेळ साधणं सर्वांत अवघड. तिने केलं आणि बेडूक वाजला, यात सेकंदाहून जास्त अंतर पडलं तर तोवर तिने दुसरंच काहीतरी केलेलं असतं, आणि तुम्ही त्याचं बक्षीस देऊन बसता. सुरुवातीला माझ्या हातून हे सारखं व्हायचं. तोंड फिरवताना ती खालचा ओठ हलवायला लागली ती त्यामुळेच. अजून हलवते.

काका म्हणायचे, "गाजरं चारून घोडा लाडावतो." तेही खोटं नाही. काही न करता मिळालं की लाडावतो. म्हणून आमच्या दारात आता कुणीही हातात काही घेऊन आलं की आधी थांबायचं, तिने तोंड फिरवलं की मगच द्यायचं, आणि तेही तळहात सपाट ठेवून. चिमटीत धरायचं नाही.

घोड्याला काय खाऊ घालायचं, यावरून एक आठवलं. आमच्यापासून थोड्याच अंतरावर चौल-रेवदंडा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून चौलला उतरला होता, इकडे घोड्याला भाव चांगला येतो म्हणून. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. इकडे घोड्यांना हरभरे घालतात, साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असंही त्याने लिहून ठेवलंय. शाळेची सहल तिथे नेली तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, होडीत घोडा हलला नाय?" मला तो प्रश्न फार आवडला. हलणाऱ्या गलबतात कितीतरी दिवस जागच्या जागी उभं राहायचं, आजूबाजूला दोरखंड, शिडं, अनोळखी माणसं. ज्याला उभं राहणं शिकवलेलं नाही त्या घोड्याने स्वतःचा पाय तरी मोडला असता नाहीतर गलबताची फळी.

तर उभं राहणं, चालणं, थांबणं, मागे सरणं. हे गाजराने होत नाही असं नाही, पण मी ते हाताच्या दाबाने शिकवलं, आणि याबाबतीत किनाऱ्यावरच्या पोरांना मला कळकळीने काही सांगायचंय. दोरी ओढल्याने घोडा शिकत नाही रे. ओढ सुटते त्या क्षणी शिकतो. तुम्ही ओढताय, तो एक पाऊल पुढे आला, आणि तुम्ही तरीही ओढताय, तर त्या पावलाचा त्याला काय उपयोग झाला? तो म्हणणार, येऊन काही सुटका नाही. मग तो मान ताठ करून उभा राहतो आणि आपण म्हणतो, अडेल आहे.

घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, पाहिलंय ना? माशी ज्याला कळते त्याला ढकलायला मूठ कशाला हवी? शेवंतीला मागे सरायला शिकवताना मी छातीवर एक बोट टेकवलं, टोचलं नाही, आणि थांबले. तिने आधी उलट माझ्यावरच रेटा दिला. मी बोट तसंच ठेवलं. मग तिचं वजन मागच्या पायांवर गेलं. पाय हलला नव्हता, नुसतं वजन. त्याच क्षणी मी बोट काढलं आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले. चौथ्या दिवशी बोट टेकायच्या आत ती मागे सरत होती. आता 'मागं' म्हटलं तरी पुरतं. गोठ्याचं दार अरुंद आहे. टोपलं घेऊन आत शिरताना साडेतीनशे किलोचं जनावर दारातच तोंड घालून उभं असेल तर काय होतं, हे ज्याच्या पायावर खूर पडलाय त्याला विचारा.

आणि रोज फिरवायचं. आजी आम्हाला कोडं घालायची, पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. पाऊस लागला की चार महिने किनाऱ्यावर जाता येत नाही, पण मी वाडीतल्या पाटाच्या कडेने तिला वीस मिनिटं तरी फिरवतेच. थांब, चल, मागं, वळ. एकही दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं त्यात जातात.

शिस्त कशाला हवी याचं माझ्या घरचं उदाहरण वाळूचं आहे. आली तेव्हा दोरी हातात असताना ती झटक्याने मान खाली घालून किनाऱ्यावर जे दिसेल ते उचलायची. लव्हाळं, कलिंगडाची साल, कणसाची पानं. मला वाटायचं, खाऊ दे बिचारी. २०२१ च्या उन्हाळ्यात एका रात्री ती सारखी पोटाकडे वळून बघायला लागली, जमीन उकरायची, बसायची, उठायची. घाम फुटलेला. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं सगळं आतड्यातूनच पुढे जावं लागतं. डॉक्टर रात्री दीडला आले, नाकातून नळी घालून औषध दिलं, पहाटे लीद पडली. त्यांनी मला ती लीद काचेच्या बरणीत पाण्यात कालवून ठेवायला सांगितली. अर्ध्या तासाने पाहिलं तर तळाशी दोन बोटं वाळू. आपली नागावची काळसर वाळू, चमकणारी. मी ती बरणी बराच वेळ हातात धरून बसले होते.

तेव्हापासून तिचं खाणं घमेल्यात, खाली रबरी चटई. आणि दोरीवर असताना 'घे' म्हटल्याशिवाय मान खाली जात नाही. हे शिकवायला तीन महिने लागले. बाकी कशाहीपेक्षा मला याचा जास्त अभिमान आहे. नळी घालताना ती मान खाली ठेवून उभी राहिली होती. मोरकीवर हलका दाब दिला की मान खाली, हे तिला तोवर आलं होतं म्हणून. नाहीतर डॉक्टर काय करणार होते?

बेंजोचं प्रकरण वेगळं. रायगडात लग्न म्हटलं की बेंजो आलाच. लांबून सूर आला तरी शेवंतीच्या मानेवर घाम यायचा आणि पाय उचलायला लागायची. लोकांना वाटायचं नाचतेय. ती नाचत नव्हती, पुढच्या फटक्याच्या आधी पाय वर नेत होती. पुढे-मागे दोर ताणून बांधतात आणि ताल वाजवत नडगीवर काठी मारतात, असा नाच बसवल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सगळेच असं करतात असं मी म्हणणार नाही. पण जिथे करतात तिथे ते थांबायला हवं.

हे घालवायला मी घाई केली नाही. मोबाइलवर बेंजो अगदी बारीक लावायचा, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, ती चंदी खात असताना. तिचा जबडा चालू राहिला की ठीक. चावायचं थांबली म्हणजे आवाज जास्त झाला, कमी करायचा. जबड्याकडे बघत बघत आवाज वाढवायला सहा महिने गेले. मग एका बेंजो पार्टीचा सराव चालायचा तिथे, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या शेतात, तिला चरायला नेऊ लागले. आज लांबून ढोल आला तर ती कान टवकारते, माझ्याकडे बघते आणि परत चरते. वरातीत मात्र मी तिला कधीच नेणार नाही. शिवजयंतीला पोरं मिरवणुकीसाठी मागायला आली होती, त्यांनाही मी नाहीच म्हटलं. वाईट वाटलं त्यांना. मग मिरवणूक संपल्यावर संध्याकाळी शाळेच्या मैदानात ती महाराजांच्या फोटोपुढे मुजरा करून आली.

मुजरा. आता युक्त्यांकडे येते.

सगळ्यात पहिली युक्ती चेंडूची. म्हणजे चेंडू नव्हे, जाळ्याला बांधतात तो प्लॅस्टिकचा पोकळ गोळा, भरतीबरोबर किनाऱ्याला लागलेला. मी निळा निवडला. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला ओळखू येतो, लाल आणि हिरव्यात त्याला फारसा फरक दिसत नाही. काठीच्या टोकाला गोळा बांधला. नाक लागलं की टक्. तिसऱ्या मिनिटाला आलं. दिसायला ही पोरखेळाची गोष्ट, पण गोळा जिथे जाईल तिथे नाक जातं आणि नाकामागून घोडी. टेम्पोत चढवायचं असो, पाण्याच्या ओहोळातून न्यायचं असो, ओढाताण करावी लागत नाही. नागावच्या किनाऱ्यावर लाटेला तिचं बिचकणं मी याच गोळ्याने घालवलं. आधी ओहोटीच्या ओल्या वाळूवर, मग साचलेल्या पाण्यात, मग खुराला फेस लागेल इतपत.

दुसऱ्या युक्तीत माझं चुकलं. शेकहँड. पुढचा पाय उचलून हातात द्यायचा. मुलांना फार आवडायचं, आणि तिला तर पाय उचलायची सवयच होती, त्यामुळे दोन दिवसांत आलं. चौथ्या दिवसापासून ती कुणीही समोर आलं की पाय उचलायला लागली. सांगितलं नसताना. भूक लागली की, कंटाळा आला की, दार उघडायला उशीर झाला की. एकदा पाण्याची बादली फोडली. आणि मग वाडीतला सहा वर्षांचा मुलगा तिच्यासमोर उभा असताना तिने पाय पुढे दिला तो त्याच्या गुडघ्यावर. हाड वाचलं. पण आठ दिवस त्याची आई त्याला उचलून शाळेत आणत होती, आणि मी त्याच वर्गाची बाई. त्या मुलाच्या डोळ्यांत बघताना मला जे वाटत होतं ते मी इथे लिहू शकत नाही.

चूक घोडीची नव्हती. 'सांगितलं तरच' हा अर्धा धडा मी शिकवलाच नव्हता. आता कुठलीही नवी युक्ती घेतली की दुसऱ्याच दिवशी तिचा दुसरा भाग सुरू करते. न सांगता केलं तर काही मिळत नाही, आणि शांत उभं राहिलं तर जास्त मिळतं. शेकहँड मी पूर्ण मोडून टाकला. जी युक्ती माणसाच्या दिशेने येते, म्हणजे पाय पुढे टाकणं, मागच्या पायांवर उभं राहणं, चावून ओढणं, ती मुलांच्या आसपास असणाऱ्या घोड्याला शिकवू नये असं माझं ठाम मत झालंय. किनाऱ्यावर फोटोसाठी घोडे उभे करणाऱ्यांनी माझ्यावर रागावलं तरी चालेल.

मुजरा त्या मानाने सुरक्षित, कारण त्यात घोडी मागे जाते. गाजर पुढच्या दोन पायांच्या मधून हळूहळू मागे न्यायचं, नाक त्याच्यामागे, मग वजन मागच्या पायांवर, एक पुढचा पाय लांब. मऊ जमिनीवरच, अंग मोकळं करून आणल्यावरच, आणि दिवसाला तीन-चारदाच. याला दोन महिने लागले.

मग एक गोष्ट लक्षात आली. मी 'मुजरा' म्हणायच्या आधीच ती वाकायची. मला वाटलं वेळ ओळखतेय. एकदा मी दाराआड उभी राहून शब्द उच्चारला. ती नुसती आवाजाकडे कान लावून उभी. तीनदा म्हटलं, काही नाही. समोर आले, तोंडातून शब्द न काढता नुसती उभी राहिले, आणि ती वाकली! दुसरीतल्या मुलीला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं, तेव्हा दिसलं की शब्दाच्या आधी माझा उजवा खांदा बोटभर खाली जातो. मला पत्ताही नव्हता. शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता, खांदा वाचला होता.

हे जगात आधी होऊन गेलंय. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये जाणत्यांच्या समितीने पाहिलं, लबाडी काही सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर हान्स चुकतो. विचारणारे त्याच्या खुराकडे बघायला किंचित वाकायचे आणि बरोबर आकडा आला की नकळत डोकं वर करायचे. हान्स तेवढं पाहून थांबायचा. लोक म्हणाले, म्हणजे घोड्याला काही येत नव्हतं. मला ते पटत नाही. इतकं बारीक पाहणं हे येणं नव्हे तर काय? शिकवणाऱ्याच्या अंगात काय चाललंय ते त्याला शिकवणाऱ्याच्या आधी कळत होतं. तेव्हापासून मी चिडलेली असेन, शाळेत काही झालं असेल, तर गोठ्यात शिरण्याआधी विहिरीवर जाऊन पाय धुते, थोडी बसते, मग जाते.

आता मागचा डावा पाय. पावसात आमच्याकडे खूर सतत ओले राहतात, तळव्यातली मऊ जागा कुजते, वास मारते. रोज पाय उचलून खरवडावं लागतं आणि दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद. तीन पाय ती आता बोट लावताच देते. डाव्या मागच्याला अजून सहज हात लावू देत नाही. पिछाडीची खूण आहे तोच. हात मांडीवरून खाली सरकतो, गुडघ्यापर्यंत ठीक, त्याखाली गेला की तिचं पोट आत ओढलं जातं आणि पाय दगड होतो. नालबंद म्हणाला दोर लावू. मी नको म्हटलं. दोरानेच तर झालंय.

दोन वर्षं रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्या पायासाठी ठेवलीत. हात जिथवर चालेल तिथवर न्यायचा, तिने श्वास सोडला की काढून घ्यायचा. गेल्या पावसाळ्यात त्या पट्टीपर्यंत पोहोचले. पट्टीवर केस नाहीत, कातडी गुळगुळीत आणि आसपासपेक्षा गार लागते. या पाडव्याला तिने पहिल्यांदा खूर जमिनीवरून सुटेल इतपत उचलला आणि लगेच टेकवला. काका बाजूला उभे होते. आता ते बांबूवर टेकून दर संध्याकाळी बघत असतात, आणि मी चुकीच्या वेळी हात काढला की "उशीर केलास गो" म्हणतात.

काल सहा मोजेपर्यंत पाय माझ्या हातात होता. नालबंद गुरुवारी येणार आहे. त्याला एका पायाला तीन-चार मिनिटं तरी लागतात.